नखाचा रंग

या माउली, असे दारात उभे राहू नका. इकडे चटईवर सरका, मांडीला मांडी लागली तरी चालेल. एका आईची, तिच्या सासूची आणि नखाएवढ्या जागेत मावलेल्या भीतीची गोष्ट सांगायची आहे. फार लांबची नाही, एका दुपारची आहे. तेवढी दुपार मधे उठू नका, कारण जिची ही गोष्ट आहे तिलाही त्या दुपारी जागचं हलता आलं नव्हतं.

दीड वाजला होता. बुलढाण्यातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत पंखा नुसता आवाज करत होता आणि पुष्पांजली पाळण्याशी बसून छकुलीच्या पायांची बोटं पाहत होती. छकुली अडीच महिन्यांची. तिचे दोन्ही पाय मांडीपासून पंजापर्यंत प्लास्टरमध्ये होते. बाहेर होती फक्त बोटं, ओल्या शेंगदाण्यांसारखी. दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर काजळ होतं. उजव्या अंगठ्याचं पुष्पांजलीनं ओढणीच्या टोकानं पुसलं, ओढणीवर काळा डाग उमटला आणि खालून गुलाबी नख निघालं. 'पुन्हा लावलंच म्हातारीनं,' असं मनात म्हणून ती जराशी हसलीसुद्धा. मग तिनं डावा अंगठा पुसला. ओढणीला काळं लागलं, पण नख काही गुलाबी झालं नाही. तिनं ओढणीची दुसरी, कोरडी बाजू घेतली. पुन्हा पुसलं. या वेळी ओढणी पांढरीच राहिली, आणि नखही होतं तसंच राहिलं, पिकत आलेल्या जांभळासारखं. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला आणि तिला वाटलं, हा आवाज आपण फार वर्षांपूर्वी ऐकला होता, तेव्हा आपल्याला मूल नव्हतं आणि म्हणून भीतीही नव्हती.

रंग पाहायचा, असं दवाखान्यातल्या सारिका सिस्टरनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सिस्टर मेहकरकडच्या, बोलायला फटकळ, हाताला मात्र लोण्यासारख्या. "हे पाय. नख दाबायचं, सोडायचं. पांढरं होते, मंग गुलाबी. झालं का गुलाबी? हाव ना? दिवसातून चार खेपा पायायचं." तिकडच्या बोलीत 'पाहा' म्हणायचं तर 'पाय' म्हणतात, आणि पुण्याहून नव्यानं आलेले डॉक्टर सुरुवातीला दर वेळी गोंधळायचे. एखादी आई म्हणायची, "सायेब, पाय ना जरा," की ते म्हणायचे, "कुठला पाय, डावा का उजवा?" आणि रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. पुष्पांजलीला मात्र त्या शब्दाचं हसू कधी आलं नाही. बाळंत झाली त्या घटकेपासून तो शब्द तिच्या कानात अडकलेला होता. दाईनं लेकरू उचललं होतं, पुसलं होतं, आणि मग ती दुसरीला हळूच म्हणाली होती, "पाय, पाय." एका शब्दात पाहा आणि दुसऱ्यात पाय. पुष्पांजलीनं मान वळवून पाहिलं तर लेकराचे तळवे आत वळलेले, एकमेकांसमोर आलेले, जणू हात नाहीत तर पायच जोडलेत. आत्याबाई, म्हणजे तिची सासू विमलबाई, धामणगाव बढ्याहून दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचल्या. त्यांनी ते पाय आधी कपाळाला लावले आणि मग म्हणाल्या, "देवाले पायानं नमस्कार करत आली वं माय." त्यांनी ते किती मायेनं म्हटलं होतं! पण पुष्पांजलीच्या अंगावर काटा आला होता. पायानं केलेला नमस्कार देव घेतो का, हे तिला कोणाला विचारता येईना.

डॉक्टर म्हणाले होते, क्लबफूट आहे, पुष्कळ बाळांना असतो, बरा होतो. दर आठवड्याला पाय थोडा थोडा वळवायचा आणि प्लास्टर घालून तिथंच धरून ठेवायचा. ते पाय वळवत तेव्हा पुष्पांजली छकुलीच्या तोंडाशी दुधाची वाटी-चमचा धरायची आणि भिंतीकडे बघायची. ओल्या चुन्यासारखा वास यायचा. पट्टी गुंडाळून झाली की प्लास्टर आपोआप तापायचं, आणि ती ऊब मांडीवर लागली की तिला वाटायचं, हे दुसरंच कुणीतरी लेकरू आहे, पांढरं, जड, मुकं, आणि ते माझ्या लेकराला पायाकडून हळूहळू गिळतं आहे. घरी आलं की छकुली पाय हलवायची आणि दोन प्लास्टरं एकमेकांवर आपटायची, टक, टक. विमलबाईंना त्या आवाजाचं मोठं कौतुक. त्या गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या, कीर्तन म्हटलं की चार कोस चालत जाणाऱ्या, म्हणायच्या, "टाळ वाजवून राह्यली माही नात. बुवाच्या मांगं उभी करतो इले." पुष्पांजली रात्री त्या टकटकीची वाट पाहायची. आवाज थांबला की तिला जाग यायची.

मागच्या आठवड्यात जे झालं ते तिला आठवायचं नव्हतं आणि आता तेच डोळ्यांसमोर येत होतं. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला काजळाचा टिक्का लावतात. इथे तळपाय प्लास्टरमध्ये, म्हणून विमलबाईंनी तो टिक्का बोटांना लावला होता, पाची बोटांना, चांगला दाबून. पुष्पांजली भाजी घेऊन आली आणि काळी बोटं पाहून किंचाळली. कोणाला न विचारता तिनं बादलीत पाणी घेतलं, प्लास्टर भिजवलं, ओरबाडून काढलं, आणि उघड्या पायानिशी लेकरू घेऊन रिक्षानं दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा काळा, बोटं गुलाबी. "हे काजळ आहे, ताई," ते म्हणाले, आणि रांगेतली कोणीतरी फस्सकन हसली. मग डॉक्टरांचा आवाज बदलला. एवढ्या आठवड्यांत पाय जेवढा पुढे आला तेवढा दोन दिवसांत मागे जातो, म्हणाले. आठवड्याचं काम वाया गेलं. पुन्हा असं घाबरून काढू नका. घरी आल्यावर विमलबाईंनी गळ्यातली माळ हातात धरली आणि शपथ घेतली: "बोटाले काजळ लावणार नाही. या माळेची आण."

"आत्याबाई," पुष्पांजलीनं हाक मारली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. विमलबाई स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन आल्या. "आत्याबाई, खरं सांगा. काजळ लावलं का तुम्ही?"

विमलबाईंचा हात माळेकडे गेला, पिठाचा होता म्हणून मधेच थांबला. "बोटाले नाही लावलं."

"मग हे काय?"

"नखाले लावलं." त्या पुटपुटल्या, चोरी सापडलेल्या पोरीसारख्या. "बोटाची आण घेतली व्हती. नखाची कुठी घेतली? ते समोरची आली सकाळी, म्हणे काय गोरीपान पोट्टी आहे तुमची. मले धस्स झालं. नखाले जराकसं लावलं, दोन्ही पायाले."

"डाव्याचं निघत नाही."

"त्याले जास्त लागलं असंन. माह्या हातून एरंडेल जास्त पडलं काजळात."

खरं असू शकत होतं. पुष्पांजलीला ते खरं असायला हवं होतं, इतकं हवं होतं की क्षणभर ती त्या वाक्याला टेकून उभी राहिली. जिथं रंग पाहायचा नेमकी तीच जागा म्हातारीनं काळी केली होती, दोन बोटं मावतील एवढं आभाळ आणि त्यावर पडदा. तिनं खोबरेल तेलाची बाटली घेतली, कापूस भिजवला, नख चोळलं. कापूस राखाडी झाला. दुसरा घेतला, तो फिक्कट. तिसरा घेतला, चोळला, आणि उजेडाकडे धरला. पांढरा. तेलानं चमकणारा, स्वच्छ पांढरा. नख जांभळं. तिनं ते दाबलं, सोडलं. पांढरं झालं नाही, गुलाबीही नाही. शेजारचं बोट, ज्याला काजळ लागलंच नव्हतं, तेही फुगून चकाकत होतं. आणि करंगळी? तिनं मोजलं. अंगठा, एक, दोन, तीन. पुन्हा मोजलं. करंगळी नव्हती. ती प्लास्टरच्या आत सरकली होती. प्लास्टर घसरून खाली आलं होतं आणि पंजाला घट्ट धरून बसलं होतं. छकुली जागी होती, डोळे उघडे होते, आणि रडत नव्हती. सकाळपासून टक टक ऐकू आली होती का? पुष्पांजलीला आठवेना. आठवेना याचीच भीती वाटली.

तिचा नवरा गोपाळ विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला मोताळ्याकडे गेला होता. फोन लागला तेव्हा पलीकडे कुत्रं भुंकत होतं. "अवं, काजळ असंन," तो म्हणाला. "मांगच्या वक्ती काय झालं, भुलली काय? काऊन इतकी घाबरते? माह्या मायले विचार."

"विचारलं."

"मंग? लावलं का तिनं?"

"हाव."

"मंग झालं तर! डॉक्टरनं काय सांगलं व्हतं? काढू नोको म्हणून सांगलं का नाही?" मग त्याचा आवाज उतरला, तोही बापच होता. "पुष्पा, पाय तू. मी इथून काय पायू?"

सारिका सिस्टरचा फोन वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला. पुष्पांजलीनं सिस्टरचं बोलणं आठवून आठवून उलगडलं, घडी घातलेली चिठ्ठी उलगडावी तसं. आधी पाय उंच ठेवायचे. तिनं उशी घेतली, त्यावर पाय ठेवले, घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं, सिस्टर म्हणाल्या होत्या. दहा मिनिटांत रंग नाही आला तर कोणाची वाट पायायची नाही, तिथंच भिजवायचं, मग दवाखाना. पण डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा काढू नका. दोघंही तिच्याच लेकराच्या पायासाठी बोलत होते आणि ती मधे. काढलं आणि ते काजळ निघालं, तर पाय मागे जाईल, जन्मभर ही पोरगी पाय वाकडा टाकत जाईल, आणि लोक म्हणतील आईनं केलं. नाही काढलं आणि ते काजळ नसलं, तर. त्या 'तर'च्या पुढे तिचं मन जाईना. ती घड्याळाकडे पाहत बसली. तीन मिनिटं. आईनं केलं. हे तर पहिल्यापासूनच होतं ना? गल्लीतल्या बाईनं विचारलं होतं, गिराणात काही चिरलं व्हतं काय गं? तिनं नाही म्हटलं होतं. पण चिरलं होतं. संध्याकाळचं ग्रहण होतं, पाचवा महिना, घरात कोणी नव्हतं, चहाची तल्लफ आली आणि तिनं कात्रीनं दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला होता. तेवढाच, नखाएवढा त्रिकोण. ओट्याला चिकटलेला तो तिनं बोटानं उचलून टाकला होता. डॉक्टरांनी हसून सांगितलं होतं की याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि तिनंही मान हलवली होती. पण मान हलते तेवढ्यानं मन हलत नाही. तो त्रिकोण तिच्या आत कुठंतरी अजून चिकटलेला होता. सहा मिनिटं. मागच्या एकादशीला विमलबाई तिला कीर्तनाला घेऊन गेल्या होत्या. बुवा गोड गळ्याचे, विटेवरच्या देवाचं रूप सांगत होते, आणि सांगता सांगता म्हणाले, समचरण. दोन्ही पाय सारखे, माउली, एक पुढं नाही, एक मागं नाही, म्हणून तो आपल्याला सोडून पुढं चालू लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुष्पांजली लेकरू छातीशी धरून उठली आणि चपला न शोधता मांडवाबाहेर आली होती. ज्या देवाचे पाय इतके सारखे आहेत, त्याला माझ्या पोरीचं काय कळणार, असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि त्या वाटण्याची शिक्षा तर ही नव्हे? नऊ मिनिटं. तिनं नख दाबलं. सोडलं. ते एखाद्या बंद दारासारखं होतं.

"आत्याबाई, पाणी कोमट करा."

"पुष्पे, गोपाळ काय म्हणे?"

"पाणी करा म्हटलं ना!"

विमलबाईंनी सुनेचं तोंड पाहिलं आणि गॅस पेटवला. त्यांनी आणलेल्या घमेल्यात पुष्पांजलीनं छकुलीचा डावा पाय बुडवला. उजवा प्लास्टरचा पाय कोरडा राहावा म्हणून विमलबाई भिंतीला टेकून बसल्या आणि लेकराला आडवं धरून राहिल्या. पाणी पांढरं होऊ लागलं. प्लास्टर काही लगेच सुटत नाही, माउली. ते हट्टी असतं. मागच्या आठवड्यात तिनं ओरबाडलं होतं. आता तिला ओरबाडायची भीती वाटत होती, आणि न ओरबाडायचीही. पट्टीचं शेवटचं टोक सिस्टरनं निळ्या पेननं खूण करून ठेवलेलं होतं. ते शोधायला तिची बोटं पाण्यात चाचपडत राहिली, मांडीच्या मागे, गुडघ्याच्या घडीत, आणि सापडल्यावरही ते सुटेना. नखानं उकरलं. एक धागा आला. मग पट्टीची अंगठ्याएवढी फित आली. मग थोडी जास्त. ती उलगडत गेली, आणि प्रत्येक वेढ्याखाली आणखी एक वेढा होता. आतल्या आत तिला वाटलं, याच्या शेवटी पायच नसला तर? नुसती पट्टीच असली तर? विमलबाई जागच्या हलल्या नव्हत्या. साठीची बाई, अर्धा तास एका कुशीवर लेकरू तोलून बसलेली, पण सोडायला तयार नाही. पायाला मुंग्या आल्या का विचारलं तर म्हणाल्या, "तू तुह्यं कर." मग थोड्या वेळानं, पाण्याकडे पाहत, "माह्यानं झालं. म्याच झाकलं." पुष्पांजली पट्टी उलगडत राहिली. तिला राग आला नव्हता. राग यायला आत जागाच नव्हती. तिला फक्त एवढंच दिसत होतं की ओल्या पट्टीच्या दोन बोटांच्या अंतरावर करंगळी आहे, आणि ती तिथं कशी आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

शेवटचा वेढा सुटला तेव्हा कापूस पायाला चिकटून आला. खाली पाय होता. बारीक, सुरकुतलेला, पंजावर प्लास्टरच्या काठाचा लाल वळ कोरलेला. करंगळी दुमडून पांढरी पडलेली. अंगठा जांभळा. आणि काहीच झालं नाही. पुष्पांजलीनं तो पाय दोन्ही तळव्यांत धरला. गार होता, पाण्याचा गारवा नव्हे, पाणी तर कोमट होतं. तिनं तोंडानं वाफ दिली. देवाचं नाव तिच्या ओठांवर आलं नाही, विमलबाई मात्र ओठांतल्या ओठांत एकसारखं घेत होत्या, आणि पुष्पांजलीला वाटलं की या आवाजाला आपण धरून आहोत, घाटात बसच्या दांड्याला धरावं तसं. एक. दोन. किती मोजलं कोण जाणे. मग नखाच्या मुळाशी एक बारीक रेघ उजळली. ती रेघ आहे की डोळ्यांतलं पाणी, ते तिला कळेना. रेघ रुंद झाली. आणि छकुली किंचाळली.

माउली, लेकराचं रडणं आपण किती ऐकतो! पण असं रडणं त्या घरानं ऐकलं नव्हतं. मुंग्या आलेल्या पायात रक्त परतावं आणि ते अडीच महिन्यांच्या जिवाला सांगता येऊ नये, तसं ते रडणं होतं. विमलबाई घाबरून म्हणाल्या, "काऊन रडते वं? काय झालं?" आणि पुष्पांजली हसत होती आणि रडत होती. "दुखतंय, आत्याबाई. तिला दुखतंय!" ती असं म्हणत होती, जसं कुणी पेढा वाटताना म्हणावं.

दवाखान्यात पोचेपर्यंत चार वाजले. डॉक्टरांनी पाय उघडा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी पंजावरचा वळ पाहिला, अंगठा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. सारिका सिस्टर मागं उभ्या होत्या, ड्रेसिंगची कात्री तशीच हातात. "घरी किती वाजता काढलं?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंत," आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. त्या पाहण्यात तिला तो सगळा 'तर' दिसला, ज्याच्या पुढे तिचं मन गेलं नव्हतं. आज प्लास्टर नाही, ते म्हणाले. तीन दिवस पाय मोकळा ठेवा, कातडी सावरू दे. पाय थोडा मागे येईल. येऊ दे. पुन्हा पुढे नेऊ. किती आठवडे, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

ते तीन दिवस डावा पाय घरात उघडा होता. पुष्पांजली दर तासाला नख दाबायची, गुलाबी व्हायचं. पाय रोज किंचित आत वळत होता, हे तिला दिसत होतं, आणि तरी ती दाबायची, सोडायची. भीती गेली नव्हती. भीती आता घरातलीच झाली होती, तिच्यासाठी वेगळं ताट वाढावं लागत नव्हतं. विमलबाईंनी त्या तीन दिवसांत नातीला मांडीवर घेतलं, न्हाऊ घातलं, झोपवलं, पण पायाला हात लावला नाही. दुपट्याचा कोपरा पायावर टाकायचा असला तरी सुनेला हाक मारायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छकुली झोपेत होती, उघडा पाय दुपट्याबाहेर आला होता, आणि पुष्पांजली दारातून पाहत होती हे विमलबाईंना ठाऊक नव्हतं. त्या पाळण्याशी वाकल्या. हात पुढे केला. मधेच थांबवला, मागे घेतला, पदराला पुसला, पुन्हा पुढे केला, आणि हवेतच, त्या पायाच्या वीतभर वर, तसाच धरून उभ्या राहिल्या, शेक घ्यावा तशा.

"लावा ना हात," पुष्पांजली म्हणाली.

विमलबाई दचकल्या. "लावू?"

एवढंच विचारलं त्यांनी. पाच लेकरं वाढवलेल्या, गावातल्या कितीतरी पोरांना टाळूला तेल घातलेल्या त्या बाईनं, आपल्याच नातीच्या पायाला हात लावायची परवानगी मागितली. पुष्पांजलीनं त्यांचा खरबरीत हात धरला आणि त्या पायावर ठेवला.

छकुलीच्या पायाचं काम पुढं चाललं आहे. तिच्यासाठी तिची आई आहे, सिस्टर आहेत. माझं मागणं दुसरं आहे. तुम्ही कुठं देवापाशी हात जोडाल तेव्हा क्षणभर विमलबाईंना आठवा, माउली. त्यांच्या मायेला अजून विचारावं लागतं, लावू का म्हणून.